टिटवीचं पिल्लू आणि हट्टी धनगर

एका माळावर एक धनगर राहायचा, असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. कारण तो एका जागी कधी राहायचाच नाही. आज या माळावर, उद्या त्या ओढ्याकाठी, परवा आणखी कुठे. पुढे मेंढरं, मागे घोडी, घोडीच्या पाठीवर सगळा संसार. त्याचं नाव धुळाबा.

धुळाबा हट्टी होता. कसा हट्टी, ते सांगतो. चाळीस वर्षं त्याने मेंढरं चारली, पण लंगडलेलं, आजारी पडलेलं एक जनावर कधी वाटेत टाकून पुढे गेला नाही. कोकराचा पाय मोडला तर कामट्या लावून लोकरीच्या दोऱ्याने बांधायचा आणि त्याला घोडीवरच्या डालग्यात बसवायचा. डालगं भरलं तर खांद्यावर घ्यायचा. त्याची बायको केराबाई म्हणायची, "एक दिस मलाबी उचलाल!" त्यावर धुळाबा म्हणायचा, "तू लंगड तर खरी!"

एकदा उन्हाळ्यात सकाळीच तळ उठला. मेंढरं एका मुरमाड माळावरून चालली होती. तेवढ्यात एक टिटवी समोर आली आणि तिने ओरडून ओरडून कालवा मांडला. मेंढरांसमोर पंख पसरून उभी काय राहते, उडते काय, पुन्हा आडवी काय येते! आता एवढं रानात वाढलेलं माणूस, हिची पिल्लं इथेच कुठेतरी आहेत, हे त्याला कळायला नको? पण धुळाबा घाईत होता. उन्हं वर येण्याआधी पाणी गाठायचं होतं. त्याने काठी हलवली, "हुर्र!" केलं आणि दोनशे मेंढरं तिथूनच पुढे गेली.

मागे वळून बघतो तर खड्यांमध्ये काहीतरी हललं. लिंबाएवढं पिल्लू, अंगावर खड्यांसारखेच ठिपके. त्याचा एक पाय मधोमध मोडून लोंबत होता.

धुळाबा माघारी धावला. "आरं देवा, माज्याच मेंढरानं केलं की रं हे!" तो तिथेच खाली बसला. गवताची जाड काडी घेतली, मधून चिरली, तिच्या दोन फाकांमध्ये तो दोऱ्यासारखा पाय सरळ धरला आणि लोकरीचा बारीक धागा गुंडाळला. कोकरांचे पाय बांधून बांधून बसलेला हात तो, एकदाही चुकला नाही.

चुकला तो पुढे. त्याने पिल्लू उचललं आणि सवयीने डालग्यात कोकरांशेजारी ठेवून दिलं. टिटवी आणि तिचा जोडीदार ओरडत ओढ्यापर्यंत डोक्यावर घिरट्या घालत आले. मग माघारी वळले. त्यांची बाकीची तीन पिल्लं माळावर होती ना!

तीन कोस चालून दुपारी तळ पडला. धुळाबाने चिंधी मेंढीच्या दुधात बुडवली आणि पिल्लाच्या चोचीला लावली. कोकरं अशीच जगवली होती त्याने. पिल्लाने चोच उघडली नाही. दूध नाकात गेलं, पिल्लू शिंकलं, अंग चिकट झालं. मुंग्या आणून पुढे टाकल्या, त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही. ऊब मिळावी म्हणून एका कोकराच्या कुशीत ठेवलं, तर ते थरथर कापायला लागलं. घटकाभरात त्याची मान लुळी पडली.

थोरला लेक सोमा म्हणाला, "आबा, टिटवीचं पिल्लू तळावर ठेवू नगा. अपशकुन असतो."

"अपशकुन तिला झाला, आपून गेलो तिच्या वाटंनं," धुळाबा खेकसला.

केराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती शांतपणे म्हणाली, "आवं, ते कोकरू न्हाय. कोकरू डालग्यात ठेवता, तवा त्याची आय कळपात असती. ह्याची आय कुठं हाय?"

 धुळाबा चिडून म्हणाला, "मग काय, मोडक्या पायाचं लेकरू उन्हात टाकून यायचं व्हतं? म्या कुणाला टाकून आलोय का आजवर?"

"टाकून नगा येऊ. त्याच्या घरी ठेवून या," केराबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

आता सांगतो, ही गोष्ट सोपी नव्हती. उठलेल्या तळाकडे धनगर माघारी जात नाही, अशी त्यांची रीत. सोमा तर हसलाच. "एका टिटवीपायी उलटं चालायचं? लोक काय म्हणतील?" पण धुळाबाला पटलं होतं, आणि त्याला एकदा पटलं की संपलं. त्याने भाकऱ्या बांधून घेतल्या, गोफण कमरेला खोचली. म्हणाला, "तुमी मेंढरं घेऊन फुडं व्हा. ह्यो स्वतःच्या पायावर पळाला की मी तुमाला गाठतो. न्हाय पळाला, तर तिथंच बसतो."

ओल्या फडक्यात पिल्लू धरून, त्यावर हाताची सावली करत तो तीन कोस माघारी चालला. पिल्लू अधूनमधून डोळे मिटायचं. धुळाबा त्याला म्हणायचा, "ए बाबा, मरू नगंस. माझी चूक मला निस्तरू दे."

माळ आला आणि टिटवी थेट त्याच्या पागोट्यावर झेपावली. धुळाबाला इतका आनंद झाला म्हणता! "मार, मार, हक्कच हाय तुझा!" त्याने पिल्लू खड्यांमध्ये ठेवलं आणि दहा पावलांवर जाऊन बसला.

टिटवी काही पिल्लाजवळ येईना. लांब धावायची, थांबायची, ओरडायची. धुळाबा आणखी मागे सरकला. तरी येईना. पिल्लू उन्हात एकटं पडलेलं. धुळाबाचा जीव तुटायला लागला. वाटलं, उचलावं, सावलीत घ्यावं. उठलाही. पण उठला तशी टिटवी आणखी लांब गेली, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. ती पिल्लाला नव्हे, त्यालाच घाबरत होती!

तो पार लांब बाभळीखाली गेला आणि पाठ करून बसला. बऱ्याच वेळाने हळूच मान वळवली. टिटवी पिल्लावर पंख पसरून बसली होती. धुळाबाने उपरण्याने डोळे पुसले.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. टिटवीची पिल्लं स्वतः पळून किडे टिपतात, आई भरवत नाही. हे लंगडं पळणार कसं? धुळाबाने वाळवी लागलेली ढेकळं शोधली आणि ती पिल्लाच्या चोचीजवळ फोडून ठेवली. टिटवीच्या चोचीचे तडाखे खात खाली वाकून ठेवायची आणि पळत बाभळ गाठायची. दिवसातून पाच-सहा वेळा हेच. पहिल्या संध्याकाळी पिल्लाने एक वाळवी टिपली. दुसऱ्या दिवशी दहा.

कुत्री येऊ नयेत म्हणून त्याने भोवती काट्यांचं कुंपण घातलं, टिटवीला ये-जा करायला खाली फटी ठेवल्या. कावळे आले की गोफण फिरायची. भाकऱ्या संपल्या तेव्हा जवळच्या वस्तीवरून मागून आणल्या. वस्तीवरची माणसं हसली. धुळाबानेही हसून घेतलं, पण हलला नाही.

सगळ्यात अवघड काय होतं, सांगू? वाळवी नव्हे, ऊन नव्हे. पिल्लू हातात घ्यायला त्याचे हात शिवशिवायचे. कोकरासारखं त्याला कुरवाळावं, छातीशी धरावं, असं रोज वाटायचं. रोज तो ढेकूळ ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा.

नवव्या दिवशी त्याने कुंपण काढलं, पिल्लाला एकदाच धरलं आणि धागा कापला. पाय जुळला होता, पण जरा वाकडा. पिल्लू उभं राहिलं, कोलमडलं. पुन्हा उभं राहिलं, पुन्हा पडलं. धुळाबा श्वास रोखून बघत होता. तिसऱ्यांदा ते उठलं आणि लंगडत, हेलपाटत, पण पळालं!

"वा रे माझ्या वाघा!" धुळाबा ओरडला आणि नकळत दोन पावलं त्याच्या मागे गेला.

टिटवीने लगेच इशारा दिला. तशी चारही पिल्लं खड्यांमध्ये दबून बसली. धुळाबाने पायाजवळ बघितलं, पुढे बघितलं, वाकून बघितलं. नऊ दिवस ज्याला त्याने जगवलं, ते पिल्लू त्याच्यापासून लपलं होतं आणि काही केल्या त्याला दिसेना. वरून टिटवीने त्याला असं काही पिटाळलं की डोकं दोन्ही हातांनी झाकून तो ओढ्यापलीकडे धावत सुटला. धावताना हसत होता आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

दोन दिवसांनी त्याने तळ गाठला. केराबाईने पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "जाताना वळखलं का त्यानं तुमाला?"

"न्हाय की!" धुळाबा म्हणाला. "मला बघून पळालं आन् लपलं! म्या एवढा रानातला मानूस, पर मला घावलं न्हाय बघ!"

आणि हे तो अख्ख्या तळाला पुन्हा पुन्हा सांगत सुटला.

तात्पर्य: दुबळ्याला जवळ ओढणं सोपं असतं, त्याला त्याच्या पायावर आणि त्याच्या माणसांत उभं करून स्वतः बाजूला व्हायचं, हीच खरी माया.