पोशीबायची भिंत

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीवर पूलसुद्धा नव्हता तेव्हा, गावात पोशीबाय राहायची. लोकांच्या भिंती मातीनं लिंपायची आणि जाम बोलायची. वैदूबिदू काही नव्हती.

तेव्हाच खाडीतल्या खडकावर हिरू पागी होता. पागी म्हणजे पाग, हे गोल जाळं, हातानं फेकून मासे धरणारा. सगळ्यात जास्त मासे त्याच खडकापाशी, आणि त्या खडकाचा मान पिढ्यान्पिढ्या हिरूच्या घराकडे. पण रीत अशी, की दर जत्रेला देवीसमोर पाग फेकायचा आणि तो पाण्यावर भाकरीसारखा गोल उघडला पाहिजे. नाही उघडला, तर खडक दुसऱ्याचा.

एका वर्षी हिरूचा उजवा खांदा धरला. असा धरला, की डोकं विंचरता येईना, पाठ खाजवता येईना. बायको त्याला लहान पोरासारखी बंडी घालायची. भगत म्हणाला, खांद्यावर भूत बसलंय, अजिबात हलवू नका. मग हात फडक्यानं छातीशी बांधून ठेवला. भूत गेलं का माहीत नाही, पण खांद्याचा पार दगड झाला, असं म्हणतात.

जत्रेला आठ महिने राहिले, तेव्हा पोशीबायनं त्याला अंगणात गाठलं आणि फडकं सोडून टाकलं.

"बंद दार अजून बांधून ठेवलंस होय, शहाण्या?"

तिनं त्याला वाकवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि हात नुसता झुलवायला लावला, पाळण्यासारखा. मग भिंतीसमोर उभा केला.

"बोटं चिंबोरीसारखी वर चालव. कळ लागली की थांब, दहा श्वास घे, खाली ये."

"बाय, हे पोरांचे खेळ आहेत."

"मग पोरांएवढं तरी कर."

बोटं पोचतील तिथं ती कोळशानं रेघ मारायची. पहिली रेघ हिरूच्या बेंबीपाशी होती, असं म्हणतात. महिनाभर रेघ तांदळाएवढीच सरकली. हिरू वैतागला आणि एक दिवस गुपचूप विटेवर उभा राहिला. मला हा माणूस इथंच आवडायला लागतो. पोशीबायनं तिथंच रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तीच वीट ओढून घेऊन पोशीबाय स्वतः तिच्यावर बसली.

"काल तिथवर पोचलास ना? मग आज पोच."

तो पोचला नाही. पण त्यानंतर त्यानं लबाडीही केली नाही आणि एक दिवसही चुकवला नाही.

रेघा छातीला आल्या, नाकाला आल्या, डोक्यावर गेल्या. मग भिंतच संपली. हिरूची बोटं तशीच कौलांवरून चालत गेली आणि माडावरचा नारळ काढून आली, असं म्हणतात.

जत्रेला दुसरा पागी खडक घ्यायला तयारच उभा होता. हिरूनं हात मागं नेला, वर नेला आणि पाग फेकला. तो एवढा गोल उघडला, की खाडीचे दोन्ही काठ झाकले. त्यात सतरा जिताडे, एक कावळा आणि भगताचं पागोटं सापडलं. कावळा जरा जास्त होतोय, असं मी एकदा बोललो, तर अख्खी आळी अंगावर आली. खडक मात्र आजपर्यंत हिरूच्याच घरात आहे.

पोशीबाय गेली, तिची भिंतही गेली. पण अजून जत्रेला पाग फेकायच्या आधी काठावरचा सगळा गाव दोन्ही हात वर करतो. ज्याचा हात जात नाही, त्याच्यासाठी पागी थांबतो. मागच्या वर्षी आमच्या आळीतल्या अंबो तांडेलांचा खांदा धरला होता. त्यांचा हात चढेना. पाणी ओसरायला लागलं, पाग फेकायची वेळ निघून चालली, तरी कोणी घाई केली नाही. शेवटी त्यांची बोटं कानाच्या वर गेली, आणि मगच पाग उडाला.