एकसष्ट काळ्या शलाका

फार पूर्वी मंदवाहिनी नदीकाठच्या शाल्मलीनगरात राजा नव्हता, गणाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तेथील एका सुताराच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुदंत. त्या नगरात गणप्रमुख निवडायला सारे नगरवासी मैदानात जमत. पण कायदा करणे, वन तोडणे, लोकांना कामाला बोलावणे हे अधिकार शंभर कुलवृद्धांच्या सभेकडे असत. तेथे प्रत्येक प्रस्तावावर शलाका, म्हणजे मताच्या काड्या, टाकल्या जात, होकाराची पांढरी आणि नकाराची काळी.

लोकांनी सुदंताला प्रमुख निवडले. त्याच्याविरुद्ध हरलेला कंकायन मात्र सभेतला सर्वांत वजनदार वृद्ध होता. आणखी साठ सभासद त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

सुदंताने पहिला प्रस्ताव मांडला तो बांधाचा. नदीच्या उतारावर कुंभार आणि नावाडी राहत. त्यांच्या वस्तीला पुरापासून राखणारा मातीचा बांध तीन ठिकाणी खचला होता, आणि पावसाळ्याला चार महिने उरले होते. वरच्या कुळांच्या सालवनातले खांब आणि प्रत्येक घरातून दोन माणसे एवढेच त्याने मागितले. मोजणीत एकसष्ट काळ्या शलाका निघाल्या. पंधरा दिवसांनी त्याने प्रस्ताव पुन्हा मांडला. पुन्हा एकसष्ट. तिसऱ्यांदाही तेच झाले.

तेव्हा सेनापती उग्रबाहू त्याच्याकडे आला. "आर्य, शत्रू चालून आला तर प्रमुखाने सभा बंद करावी आणि स्वतःच्या मुद्रेने राज्य चालवावे, असा जुना नियम आहे. शत्रू येतो आहे असे मी चौकात सांगतो. परवा आपण खांब तोडायला लागू."

"शत्रू येतो आहे का?"

"नाही. पण पूर येतो आहे."

बांध फुटला तर कोणाची घरे आधी जातील, हे सुदंताला घरागणिक ठाऊक होते. तरी तो म्हणाला, "माझ्या खोट्याने या वर्षी बांध होईल, उग्रबाहू. पण पुढच्या प्रमुखाला सभा बंद करायला पूरसुद्धा लागणार नाही. हे मी करणार नाही."

"मग काय करणार?"

"माझ्या हातात आहे ते उद्यापासून करीन. नाही ते मागत राहीन."

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारपर्यंत नावाड्यांबरोबर बांधावर मातीच्या पाट्या वाही आणि दुपारनंतर एकेका सभासदाच्या घरी जाई. कोणी त्याला ताटकळत ठेवले. कोणी म्हणाले, माझ्या जावयाला जकातीच्या नाक्यावर अधिकारी नेमा, माझी शलाका पांढरी पडेल. सुदंत हात जोडून तेथून उठे.

चंपिका नावाची एक नावाडीण एके दिवशी पाटी खाली टाकून म्हणाली, "आम्ही तुम्हाला निवडले, आणि तुम्ही त्यांच्या पायऱ्या झिजवता?"

"चंपिके, त्यांनाही त्यांच्या कुळांनी निवडले आहे. त्यांना वगळले, तर मी अर्ध्याच नगराचा प्रमुख उरतो," सुदंत म्हणाला, आणि तिची पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

सर्वांत शेवटी तो कंकायनाकडे गेला. कंकायनाने त्याला अंगणातच उभे ठेवले. "चौथ्यांदाही काळ्याच पडतील, सुदंता."

"आर्य, का ते तरी सांगा."

हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. म्हातारा खाली बसला. "वीस वर्षांपूर्वी एका प्रमुखाने बांधासाठी म्हणून आमचे सालवन तोडले आणि त्या लाकडाने आपले घर बांधले. माणसे बळजबरीने नेली. माझा धाकटा भाऊ ओंडक्याखाली गेला. तू तसा नाहीस, हे मी कशावरून मानू?"

"मानू नका," सुदंत म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो, ही माझ्या प्रस्तावाचीच चूक आहे. कोणती झाडे तोडायची ते तुम्ही ठरवा. देखरेख तुमची. सक्ती कोणावर नाही. एक खांब जरी दुसरीकडे गेला, तर सभेने मला त्याच दिवशी काढून टाकावे, असे प्रस्तावातच लिहितो."

"लोक म्हणतील, बांध कंकायनाने बांधला."

"आर्य, तो उभा राहिला, तर ते खोटे नसेल."

चौथ्या सभेत कंकायनाने शलाका उंच धरून सर्वांना दाखवली. ती पांढरी होती. त्याचे सगळेच सोबती वळले नाहीत. तरी पांढऱ्या चौपन्न भरल्या.

पहिले काही दिवस वरच्या कुळांतून फारसे कोणी आले नाही. पण सत्तर वर्षांचा कंकायन सकाळपासून उन्हात उभा राहून खांब मोजून घेतो, हे पाहिल्यावर तरुण मंडळींना घरी बसवेना. ज्येष्ठ संपता संपता काम झाले. श्रावणात नदी तीन दिवस चढत राहिली. मधल्या खचलेल्या जागेपाशी पाणी झिरपू लागले, तेव्हा कुंभार आणि सालवनाचे मालक कमरभर पाण्यात एका रांगेत उभे राहून माती दाबत होते. चार झोपड्या गेल्या. माणूस एकही गेले नाही.

पुढच्याच महिन्यात सुदंताने गायरानाचा प्रस्ताव मांडला. अठ्ठावन्न काळ्या शलाका पडल्या, त्यांत कंकायनाचीही होती. उग्रबाहूने कपाळाला हात लावला. सुदंत मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्या सभासदाच्या दारी हजर झाला. तो बारा वर्षे प्रमुख होता. सभेत त्याचे बहुमत असे कधी झालेच नाही. प्रत्येक कामासाठी त्याने ते नव्याने जमवले.

अनेक जन्मांनंतर, संघाने भिक्षूंच्या निवाऱ्यांची व्यवस्था सोपवलेला एक भिक्षू "माझे कोणी ऐकत नाही, मला आज्ञा करण्याचा अधिकार द्या, नाहीतर मोकळे करा" असे म्हणत आला, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्याला ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळी कंकायन होता तो आज तुझ्या प्रत्येक सूचनेला हरकत घेणारा वृद्ध स्थविर. त्याच्याकडे जा आणि का ते विचार. चंपिका होती ती आज विहाराला पाणी पुरवणारी उपासिका. जवळची वाट सुचवणारा सेनापती, भिक्षू, तूच होतास. आणि सुदंत मी होतो. घेतलेला निश्चय न सोडणे, आणि त्यासाठी वाकडी वाटही न धरणे, याला अधिष्ठान म्हणतात."