झिपरूनं घर गार केलं

तापीकाठच्या एका गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव झिपरू. घर पत्र्याचं. उन्हाळ्यात त्या घरात बसलं की माणूस पापडासारखा भाजून निघे.

होळीनंतर बायको, तुळसा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "घर गार करा. तरच बाळाला घेऊन येईन."

झिपरू घाबरला. आईला म्हणाला, "आई, घर गार कसं करतात?"

"दुपारी दार लावून घे. संध्याकाळी उघड. वारा येईल."

झिपरूनं दुपारी दार लावलं. तेवढ्यात बाजाराला गेलेली आई परतली. दार वाजवलं.

"कोण?"

"अरे, मी!"

"संध्याकाळी ये."

म्हातारी दुपारभर ओट्यावर तापली. संध्याकाळी ओरडली, "दार उन्हाला लावायचं, मला नाही! उन्हातून कुणी आलं की आधी आत घ्यावं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी म्हैस उन्हातून आली. झिपरूनं तिला आत घेतलं आणि दार लावलं. म्हशीनं माठ फोडला, चूल मोडली. घराची भट्टी झाली.

आईनं कपाळावर हात मारला. "म्हैस काढ बाहेर! आणि छपराखाली एक झरोका पाड. गरम असतं ते वर जातं, तिथून निघून जाईल."

झिपरूनं झरोका पाडला. घरात जरा बरं वाटू लागलं. पण आईलाच ताप भरला. झिपरूनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम! त्यानं आईला खांद्यावर घेतलं, शिडी चढला आणि तिला झरोक्याशी तुळईवर नेऊन बसवलं.

खालून विचारलं, "ताप उतरला का?"

"मुडद्या, आधी मला उतरव!"

आई बरी झाली. सुनेला आणायला निघाली तेव्हा म्हणाली, "आता एकच काम कर. भिंती जाड कर. जाड भिंतीतून ऊन आत येत नाही. पण बाहेर शेजाऱ्यांची हद्द आहे, तिकडे बोटभरही सरकू नकोस. आतून थर दे."

"किती जाड करू?"

"ऊन आत यायचं थांबेपर्यंत!"

झिपरू कामाला लागला. नदीची माती आणायची, थर द्यायचा, भिंतीला गाल लावून बघायचं. अजून कोमट लागली की आणखी थर. जेवायचंही भान नाही. डोळ्यांपुढे सारखं न पाहिलेलं बाळ.

तुळसा आली. कुशीत गोरीगोमटी पोर. झिपरूनं तिला उचलून घेतलं, तिची पापी घेतली. त्याचे डोळे भरून आले.

"झालं का घर गार?"

"एकदम!"

तुळसानं दार उघडलं. दारामागे भिंत. तिनं हात लावला. भिंत माठासारखी गार.

"अहो, आत कुठून जायचं?"

"आत?" झिपरू हसला. "वेडी का तू? ऊन शिरायला आत जागाच ठेवली नाही मी!"