बुधवारची सुट्टी

"एक राज्य, एक सुट्टी!" राजाने फर्मान काढलं आणि तेल्यांच्या आळीत चूल पेटेना. तिथे एलोजी तेली शनिवार पाळायचा. त्या दिवशी घाण्याला हात लावणं त्याच्या धर्मात पाप. शेजारचा राघो तेली महादेवाचा भक्त, त्याचा सोमवार. कोष्टी, कुंभार, नावाडी, ज्याचा त्याचा वार वेगळा. आठ दिवसांत सर्वांनी राजीखुशीने एकच वार ठरवायचा, नाहीतर सगळ्यांचे घाणे आणि बैल जप्त!

सात दिवस पंच नुसते भांडले. एलोजी तर बैलाच्या गळ्यात हात टाकून रडला. ते त्याच्या मुलीला, दिनाला, बघवेना. तिने घरोघरी जाऊन काहीतरी कानात सांगितलं आणि आठव्या दिवशी दरबार गाठला.

"महाराज, वार ठरला. बुधवार. तो कोणाचाच नाही, म्हणून तंटाच नाही. फक्त सूट कोणालाही नको."

"माझ्या राज्यात एकालाही सूट मिळणार नाही," राजा खूश होऊन म्हणाला.

बुधवार उजाडला. राजाने टाळी वाजवली, कोणी आलं नाही. न्हाणीत पाणी नाही, मुदपाकखाना थंड, दाराशी भालदार नाही. दुपारपर्यंत पोटात कावळे कोकलू लागले, तेव्हा स्वारी पायीच तेल्यांच्या आळीत आली.

"पोरी, भाकरी आहे का?"

"आहे की, कालची. शिंक्यात आहे."

"मग वाढ."

"वाढणं हे काम झालं, महाराज. आज सुट्टी."

"अगं, पण रोज कोणी ना कोणी असतंच!"

"असायचं. शनिवारी आमचा घाणा बंद, तेव्हा राघोकाका तेल पुरवतात. सोमवारी त्यांचा बंद, तेव्हा आम्ही. आपण सगळ्यांना एकाच दिवशी बसवलंत."

राजाने शिंक्याकडे पाहिलं, आवंढा गिळला. "फर्मान रद्द! ज्याने त्याने आपला वार पाळावा. आता तरी वाढ!"

दिनाने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. खाता खाता राजाला हसू फुटलं, इतकं की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला खिलारी बैल बक्षीस पाठवला आणि मागोमाग स्वतःच आला.

"हा आमच्या शिवालयातला बैल, सोमवारी जुंपायचा नाही. तुम्ही शनिवारवाले. याचे दोन दिवस बसून जाणार, आता काय करशील?"

दिनाने बैलाच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारी आमचा जुना बैल ओढेल आणि उरलेले पाच दिवस दोघे मिळून ओढतील, महाराज!"

राजा पुन्हा खो खो हसला आणि गळ्यातला कंठा काढून त्याने दिनाच्या हातावर ठेवला.