पोटपट्टा

“पण माई, ऑपरेशन करून मी चुकले का, तेवढं एका शब्दात सांगा ना!”

माई सुपात पावटे सोलत होत्या.

हेमांगी टेकडी चढून माईंच्या मठात आली होती ती हेच विचारायला. धाप अजून ओसरली नव्हती. खाली गावात तिचा बायकांचा व्यायामाचा वर्ग होता आणि वर्गाच्या पाटीवर तिचाच फोटो होता. पहिल्या बाळंतपणानंतर तिचं पोट सुटलं. येणारी-जाणारी बाई विचारायची, “दुसरं का गं? कितवा लागला?” वर्षानुवर्षं हे ऐकून ती विटली. शेवटी दोन वर्षांपूर्वी तिनं ऑपरेशन करून घेतलं. लोंबणारी कातडी काढली, आतले सैल पडलेले स्नायू आवळून शिवले. पोट असं सपाट झालं, की बायका वळून बघायच्या.

आणि आता खरोखरच पाचवा महिना होता.

“मूल नकोय का तुला?” माईंनी विचारलं.

“हवंय! देवाशप्पथ हवंय.”

“मग?”

“मूल हवंय… पोट नकोय.”

“मग ठेवणार कुठं त्याला? फडताळात?”

हेमांगीला हसू आलं नाही. “तुम्हीपण थट्टा करा. सासूबाई म्हणतात, घर रंगवून झाल्यावर भिंत पाडायला काढलीस.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणतात?”

“बाळ छान वाढतंय म्हणतात. पण आतली शिवण… कदाचित पुन्हा सैल पडेल.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी पडू देणार नाही.”

हे तिनं इतकं ठासून सांगितलं, की माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्यांनी ताकाचं भांडं तिच्यापुढं सरकवलं. हेमांगीनं एक घोट घेतला. दुसऱ्या घोटाला तिचा श्वास अडला. तिनं भांडं खाली ठेवलं.

माई जवळ सरकल्या. कुर्त्यावरूनच त्यांनी तिच्या पोटावर बोटानं वाजवलं. टक्, टक्.

“हे काय गं? दार लावून घेतलंस?”

“पट्टा आहे. ऑपरेशननंतर बांधायला दिला होता, तोच.”

“आत्ता बांधायला कुणी सांगितला?”

“कुणी नाही. डॉक्टरीणबाई तर रागावल्या. म्हणाल्या, आधी तो काढून टाक.”

“आणि तू?”

“झोपतानासुद्धा बांधते.” हेमांगीची मान ताठच होती. “एवढं सोसून मिळवलंय माई. असं हातचं जाऊ देणार नाही. धरलेलं सोडायचं नाही, हे तुमच्याकडंच शिकले ना मी?”

“शिकलीस खरी.” माईंनी मान हलवली. “दाखव बघू.”

हेमांगीनं मठाचं दार लोटून घेतलं आणि कुर्ता वर खोचला. रुंद, जाड पट्टा. वरच्या कडेला कातडीवर लाल वळ उठले होते.

माईंनी तो निरखून पाहिला.

“एवढाच? हा तर सैल आहे. अजून चार बोटं ओढता येईल.”

“माई…?”

“धरायचं तर नीट धर. ओढ.”

हेमांगीनं दात आवळले. पट्ट्याची चिकटपट्टी चर्रकन उघडली. टोक उजव्या मुठीत घेऊन तिनं ओढलं.

पट्टा येईना.

“ओढ.”

“ओढतेय!”

“आणखी ओढ.”

“नाही येत माई… आत काहीतरी अडतंय…”

माई नुसत्या बघत राहिल्या. त्या कुठं बघताहेत म्हणून हेमांगीनंही खाली पाहिलं.

तिचा डावा हात पट्ट्याच्या आत शिरला होता. कधी शिरला, तिला कळलंच नव्हतं. पोट आणि पट्टा यांच्यामध्ये बोटं घालून तो पट्ट्याला बाहेर रेटत होता. सगळा जीव लावून. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“हा हात कुणाचा?” माईंनी हळूच विचारलं.

…

खाली ओढ्याकडं कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं.

उजवी मूठ उघडली. पट्टा गळून जमिनीवर पडला.

हेमांगीनं श्वास घेतला. घेतच राहिली. खांदे वर गेले, पोट पुढं आलं. तिनं ते आत ओढलं नाही.

मग तिनं डोळे पुसले, पट्टा उचलला आणि त्याची घट्ट गुंडाळी केली.

“हा इथंच ठेवून जाते.”

“मी काय करू त्याचं? घेऊन जा. बाळंत झालीस की लागेल, तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारून बांध.”

हेमांगी दारापर्यंत गेली. तिथंच घुटमळली.

“माई… बाळ झाल्यावर पुन्हा ऑपरेशन करावंसं वाटलं तर?”

“करून घे की.”

हेमांगी परत आत वळली.

“मग आज मला का अडवलंत?”

माईंनी पावट्यांचं सूप पुढं ओढलं.

“मी कुठं अडवलं? मी तर ओढ म्हणत होते.”