बाकड्याचा आखूड पाय

फार वर्षांमागे एका खेड्यातल्या चर्चमध्ये सागवानी बाकडं आणि सतरंजी शेजारीशेजारी राहत. बाकड्यावरची मंडळी पुस्तकात बघून हळू गात, तर सतरंजीवरच्या बाया टाळ्या वाजवत, डोलत गात.

"प्रभूच्या घरात असं फतकल मारून बसतात का, बाई?" बाकडं दर रविवारी कुरकुरे. "पोरांवर काय संस्कार होणार?"

"पोरं माझ्यावर झोपतात, बाकडोबा. संस्कारांचं तेवढं तुम्ही बघा."

नाताळच्या आदल्या दिवशी सतरंजी धुवायला नेली. एकदाची शांतता, म्हणून बाकडं सुखावलं. तेवढ्यात मार्थाकाकू प्रार्थनेला बसल्या आणि ते असं खडखडलं की पाळकसाहेब 'आमेन' म्हणायचे थांबले.

"मोडकंच आहे," काकू म्हणाल्या. "उद्या असंच हललं तर चुलीत घाला."

तेव्हा बाकड्याला कळलं, की आपला एक पाय मुळातच आखूड आहे. इतकी वर्षं सतरंजीचं टोक त्याखाली दुमडलेलं होतं, म्हणून तर आपला एवढा ताठा!

संध्याकाळी सतरंजी परतली आणि तिनं टोक पायाखाली सरकवलं.

बाकडं लाजून पुटपुटलं, "बाई, उद्या गाताना ते टोक जरा सैल सोडाल? टाळीबरोबर मलाही थोडं डुगडुगायचंय."