सगुणाबाईची सुई

भाविकहो, पांझरेच्या काठी सावरखुटे नावाचे लहानसे गाव आहे. त्या गावाच्या उताराला एका कडुनिंबाखाली नारोबा महाराज येऊन राहिले, तेव्हा तिथे देऊळ नव्हते की ओटा नव्हता. महाराजांच्या अंगावर एक कफनी, हाताशी एक तांब्या, आणि समोर नदी. कुणी काही आणून दिले तर खावे, नाही तर नदीकडे बघत बसावे. हळूहळू लोक येऊ लागले. कुणी चार बांबू रोवले, कुणी वर पाचट टाकले, आणि त्या झोपडीला गाव मठ म्हणू लागले. महाराज फार बोलत नसत. पण दुःखी माणूस शेजारी येऊन बसला की ते थोडेसे सरकून त्याला जागा करून देत, आणि तेवढ्यानेच त्या माणसाचे डोळे भरून येत.

या मठात रोज संध्याकाळी मागच्या बांबूपाशी एक बाई येऊन बसे. तिचे नाव सगुणाबाई. जातीची शिंपीण, नवरा वारलेला, मूल नाही. दूरच्या कुठल्याशा गावाहून ती एकटीच आली होती आणि मारुतीच्या देवळामागे एका खोलीत राहून हातशिलाई करीत होती. तिच्या हाताचा टाका इतका बारीक की कापडाची उलट कुठली आणि सुलट कुठली, हे उजेडात धरून बघावे लागे.

तिच्याजवळ एक लाकडी पेटी होती. ती पेटी सबंध गावाच्या चेष्टेचा विषय झाली होती. आत लहान लहान खण. एका खणात गुंड्या, त्याही आकाराप्रमाणे वेगळ्या. एकात आकडे, एकात नाड्या आणि फिती नीट गुंडाळलेल्या. दोऱ्याला गुंता पडू नये म्हणून तो बोरूच्या कांड्यांवर वळलेला. कात्रीला कापडी म्यान, बोटात घालायच्या अंगुस्तानाला चिंधीची पुरचुंडी. आणि सुयांसाठी जाड लोकरीची एक पट्टी. सुया गंजू नयेत म्हणून पट्टीखाली कोरड्या राखेची चपटी उशी. त्या पट्टीवर प्रत्येक सुईची जागा ठरलेली होती. सर्वांत लहान सुई डावीकडे, गोधडीचा दाभण उजवीकडे. एकीच्या जागी दुसरी कधी जायची नाही. दिवेलागणीला काम थांबवले की सगुणाबाई एकेक सुई नाम घेत तिच्या घरी बसवी, आणि पट्टी भरल्याखेरीज पाण्याचा घोटही घेत नसे. एखादी सुई खाली पडलीच, तर लोहचुंबकाचा तुकडा घेऊन ती सगळी जमीन चाचपून काढी.

बायका हसत. “सगुणे, तुझ्या सुयांना पाय फुटतात का गं?” कुणी तिला सुईवेडी म्हणे. ती खाली मान घालून म्हणे, “सवय आहे, बाई.”

सर्वांत जास्त हसत त्या द्वारकाकाकू देशमुख. गावात मोठे घर, मोठा आवाज, आणि आपल्याशिवाय देवाचेही पान हलत नाही अशी समजूत. एकदा भजन संपल्यावर त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “महाराज, ही बाई तुमच्यापाशी बसते, पण हिचा जीव त्या पेटीत. एका सुईत एवढी आसक्ती! असल्यांना कुठला देव भेटणार?”

सगुणाबाईने पेटी पदराखाली ओढली.

महाराज म्हणाले, “काकू, ती पेटी म्हणजे तिची जपमाळ आहे. तिला हात लावू नका.”

काकू हसल्या आणि जायला उठल्या. महाराज मात्र बराच वेळ सगुणाबाईकडे बघत राहिले. त्यांना काय दिसत होते, ते त्या वेळी कुणालाच कळले नाही.

पुढे काकूंची लेक कमळजा बाळंतपणाला माहेरी आली. लग्नाला बरीच वर्षे झाली तरी कूस उजवली नव्हती. नवस झाले, उपास झाले, आणि शेवटी मुलगा झाला. काकूंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बारशाला पाळण्यात घालायचे दुपटे सगुणाबाईच्याच हातचे हवे, असे त्यांनी ठरवले. आपल्या आईचे मऊसूत जुने लुगडे घेऊन त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या.

सगुणाबाईचा चेहरा पांढरा पडला. “काकूसाहेब, दुसरे काहीही सांगा. तान्ह्या बाळाचे मी शिवत नाही.”

“का? आमच्या घरचे बाळ तुला चालत नाही?”

“तसे नाही हो...”

“मग परवा दुपटे तयार पाहिजे,” म्हणून काकू लुगडे टाकून निघून गेल्या.

सगुणाबाई ते लुगडे घेऊन मठात आली. तिने काही सांगण्याआधीच महाराज म्हणाले, “शिव, बाई.”

“महाराज, माझे हात...”

“ठाऊक आहे मला. तू शिव. मी आहे.”

महाराजांच्या त्या एका शब्दावर तिने सुई ओवली. लाल दोऱ्याचा एक टाका आणि एक नाम, असे करीत तिने दुपटे शिवत आणले. बारशाच्या दिवशी दुपारी एक कोपरा तेवढा शिवायचा राहिला होता. सगळ्यात लहान सुईत लाल दोरा ओवून तिने ती पट्टीत टोचून ठेवली आणि कोपरा दुमडून घेऊ लागली. तेवढ्यात द्वारकाकाकू आत आल्या.

“अजून झालेच नाही? तिकडे बायका जमल्या!” असे म्हणत त्यांनी तिच्या मांडीवरचे दुपटे ओढले. दुपट्याबरोबर पेटी कलंडली. गुंड्या घरभर धावल्या. सुया, आकडे, दोरे सगळे दुपट्यावर आणि जमिनीवर सांडले.

“थांबा काकूसाहेब! सुया बघू द्या! तो कोपरा उघडा आहे!”

“कोपऱ्याकडे कोण बघतो? तुझ्या सुयांची देवपूजा तू सावकाश कर.” काकूंनी दुपटे दोनदा झटकले, घडी घातली आणि त्या चालू लागल्या.

सगुणाबाईने एकेक सुई वेचली. सगळ्या पट्टीत बसवल्या. डावीकडची पहिली जागा रिकामी राहिली. तिने लोहचुंबक फिरवला, चटई झाडली, चुलीची राख चाळली, स्वतःचे लुगडे झटकले. लाल दोऱ्याची ती लहान सुई कुठेच नव्हती. मग ती उठली आणि तशीच उघड्या पायांनी देशमुखांच्या घराकडे धावत सुटली.

तिथे पाळणा फुलांनी सजला होता. बाळाला पाळण्याखालून वर देत बायका देवाची नावे घेत होत्या. अशा मंगल वेळी विस्कटल्या केसांची विधवा बाई दारात आलेली पाहून काकू संतापल्या.

“इथे कशाला आलीस? काही रीतभात?”

“काकूसाहेब, दुपट्यात सुई आहे. बाळाला त्याच्यावर घालू नका. मी पाया पडते तुमच्या.”

काकूंनी दुपट्यावरून तळहात फिरवला. “कुठे आहे? घ्या, तुम्हीही बघा गं.” दोघी-तिघींनी चाचपले. कुणाच्या हाताला काही लागले नाही.

“ती आतल्या पदरात गेली असेल. बारीक आहे, चाचपून नाही कळत! मला ठाऊक आहे, काकूसाहेब. माझे लेकरू तसेच गेले.” हे शब्द बाहेर पडले आणि ती पुढे थांबूच शकली नाही. “माझा नामा नुकता रांगायला लागला होता. मी गोधडी शिवत होते. चुलीवर दूध उतू गेले म्हणून उठले, आणि सुई गोधडीला टोचून ठेवली. एवढ्यात येते, म्हटले. तो रांगत आला आणि त्या गोधडीवर पालथा निजला. सुई त्याच्या छातीत गेली. वरून काही दिसेना. तो नुसता रडत राहिला, आणि मी त्याला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत राहिले. तापाने फणफणला आणि गेला. शेवटची आंघोळ घालताना माझ्या हाताला ती लागली.”

भाविकहो, एखादे दगडाचे मन असते तर तेही पाझरले असते. पण अहंकार दगडाहून कठीण! काकू म्हणाल्या, “स्वतःचे लेकरू मारून आलीस, आणि आज माझ्या नातवाच्या पाळण्यापाशी तोंड घेऊन उभी राहतेस? बाहेर काढा हिला!”

गड्याने तिला दंडाला धरून अंगणाबाहेर नेले. आतून पाळण्याच्या कड्या वाजल्या. बाळाला पाळण्यात निजवले होते.

सगुणाबाई मठाकडे पळाली. वाटेत पडली, उठली. तिच्या तोंडून नामही निघेना. नदीच्या उतारावर महाराज कडुनिंबाला टेकून बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि डावा हात छातीवर घट्ट दाबलेला होता.

“महाराज, बाळ...!”

“बाळ बरे आहे,” महाराज म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. “जरा जवळ ये, सगुणाबाई.”

त्यांनी हात काढला. कफनीवर रक्ताचा डाग पसरत होता, आणि त्या डागातून लाल दोऱ्याचे टोक बाहेर आले होते.

“काढ,” महाराज म्हणाले.

“मी? नाही महाराज, माझ्या हाताने नाही! मी वैद्यांना बोलावते.”

“तुझ्याच हाताने. त्या वेळी काढता आली नाही ना? आज काढ.”

तिने दोरा धरला. तो दोनदा तिच्या बोटांतून सुटला. तिसऱ्यांदा महाराजांनी स्वतः तिचे मनगट धरून ठेवले, आणि ती लहानशी सुई त्यांच्या छातीतून तिच्या चिमटीत आली. महाराजांनी “हुं” सुद्धा केले नाही. सगुणाबाई मात्र लेकरू गमावलेल्या आईने फोडावा तसा टाहो फोडून त्यांच्या पायांवर कोसळली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत कृतज्ञता होती, पण त्या कृतज्ञतेहून जुने असे दुसरेही काही होते.

“महाराज, परक्याच्या बाळासाठी आज तुम्ही छातीवर सुई घेतलीत. माझ्या नाम्याच्या वेळी कुठे होतात?”

टाहो ऐकून कडुनिंबाखाली जमलेल्या लोकांना वाटले, आता महाराज काही गूढ सांगतील. प्रारब्ध, पूर्वजन्म, असे काही. पण महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि दाढीत मुरू लागले.

“बाई,” ते म्हणाले. “होतो म्हणालो तर तुला खोटे वाटेल. नव्हतो म्हणालो तर मला खोटे वाटेल. एवढे ठाऊक आहे, की तुझी सुई आज टोचली तेव्हा ती मला नवी वाटली नाही.” मग ते नेहमीसारखे थोडे सरकले आणि शेजारची जमीन त्यांनी हाताने झाडली. “बैस इथे. कसा होता नामा? मला सांग.”

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारले नव्हते. नवऱ्यानेही नाही, तो मुलाचे नाव न घेताच गेला. सगुणाबाई बसली. मग म्हणाली, “कात्रीचा आवाज झाला की हसायचा. चिंध्या गोळा करून माझ्या पदरात आणून द्यायचा. उजव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती...” ती सांगत राहिली आणि महाराज ऐकत राहिले. त्यांच्या कफनीवरचा डाग वाळून काळा होत गेला.

इकडे देशमुखांच्या घरी काय झाले? पाळण्यात बाळ कुशीवर वळले आणि एकदाच किंचाळले. कमळजेने झडप घालून त्याला उचलले. दुपट्यावर ताज्या रक्ताचा ठिपका होता! काकूंनी बाळाचे झबले काढले, पाठ पाहिली, छाती पाहिली. बोटाएवढी जागा सोडली नाही. अंगावर साधा ओरखडाही नव्हता, आणि बाळ तर आता हुंकारत होते. काकूंनी उघड्या कोपऱ्यातून दुपटे उसवत नेले. ठिपक्याखाली कापडाला सुईचे भोक पडले होते. सुई आतून वर आली होती हे उघड दिसत होते, पण सुई मात्र नव्हती.

सुई कुठे गेली, हे आता महाराजच सांगतील असे काकूंना वाटले. नातवाला उराशी धरून, हातात ते दुपटे घेऊन त्या मठाकडे निघाल्या. मागे सगळ्या बायका. उतारावर पोचल्या आणि त्यांना महाराजांची कफनी दिसली. शेजारी सगुणाबाई, तिच्या चिमटीत अजूनही ती लाल दोऱ्याची सुई होती.

काकूंना काही विचारावे लागले नाही. बाळ कमळजेच्या हातात देऊन त्या महाराजांच्या पायांकडे वाकल्या. महाराजांनी पाय ओढून घेतले.

“माझी जखम बरी होईल, काकू,” ते म्हणाले. “हिची नाही होणार. आणि तुम्ही आज त्या जखमेवरच बोट ठेवलेत.”

काकू वळल्या. ज्या बाईला त्यांनी दारातून हाकलले होते, तिच्यासमोर त्या मातीत बसल्या आणि रडू लागल्या. “सगुणाबाई, तू माझे घर राखायला आलीस आणि मी तुझे काळीज उसवले. मला क्षमा नको देऊस, शिक्षा दे.”

कमळजा पुढे आली आणि तिने बाळ सगुणाबाईपुढे धरले. “मावशी, तुम्ही घ्या याला. तुमच्याच हातून आशीर्वाद पाहिजे.”

सगुणाबाईने हात पुढे केले, आणि मागे घेतले. तेवढे बळ तिच्यात अजून आले नव्हते. तिने सुई महाराजांच्या तळहातावर ठेवली, दोन्ही हात पदराला पुसले, आणि बाळाच्या अंगावरून, कुंचीच्या काठापासून पायांपर्यंत, शिवणी-शिवणीवरून सावकाश बोटे फिरवली. मग तिने बाळाच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. ती सरळ होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “आता निजवा त्याला.”

बाळाने डोळे मिटले. आणि ज्या द्वारकाकाकूंची मान गावात कुणापुढे कधी वाकली नव्हती, त्यांनी त्या शिंपिणीच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना उठवले नाही. सगुणाबाईनेही नाही. नदीवरून वारा येत होता, बाळ झोपले होते, आणि काकू बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.